नव्याचा घास

आलू एकदा जमिनीतून वर आला, की मालकाचं भांडण मिटायची वाट बघत नाही. ऊन लागलं की हिरवा पडतो आणि झाकून ठेवला की सडतो. त्या फाल्गुनात इंदूरकडच्या राऊ गावाजवळ पांडुरंग जगदाळ्याच्या शेतात आलूचे ढीग सोयाबीनच्या भुसकटाखाली पडून होते, आणि ट्रॉली बाहेर काढायची वाट बंद होती.

वाट बंद केली होती चुलतभावानं, बाबूरावनं. दोघांचे आजे एकाच ताटात जेवायचे असं सांगतात. नातवांना एक वाट पुरेना. वाट बाबूरावच्या शेतातून सडकेला निघायची. दुसऱ्या अंगाला कॉलनीची भिंत झाली होती. आता बाबूरावच्या मनात प्लॉट पाडायचे होते, आणि मधून ट्रॉली जाणारी जमीन कोण घेणार? त्यानं मजूर लावून वाटेवर मातीचा बांध घातला, वर बाभळीचे काटे टाकले, आणि खाट टाकून तिथंच बसून राहिला.

यमुना, पांडुरंगची बायको, रोज भुसकट उचलून ढिगांत हात घालायची. आत ऊब लागायला लागली होती. ऊब म्हणजे सड.

"भाऊजींना नव्याचा घास नेऊन देऊ का?" तिनं नवऱ्याला विचारलं. "घास घेतला की ऐकतील बहुतेक."

जगदाळ्यांच्यात ही रीत होती. नवा आलू निघाला की निखाऱ्यात भाजायचा, मीठ लावायचं, आणि भावकीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला घरच्या सुनेनं आपल्या हातानं भरवायचा. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग बाकीच्यांनी नवं खायचं. बाप आणि चुलते गेले, आता हा मान बाबूरावचा होता. यंदा घास गेला नव्हता, म्हणून ढिगांवर ढीग पडलेले असताना पांडुरंगच्या घरात बाजारातून आणलेला जुना आलू शिजत होता.

"आधी वाट, मग घास," पांडुरंग म्हणाला. "घास देऊन वाट मागायला मी काय भिकारी आहे?"

सकाळी तो बांधावर गेला, भांडला आणि परत आला. यमुनेनं भाकरी वाढली. तो जेवला, हात धुतले, आणि कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर टाकून पुन्हा निघाला.

"कशाला ते?"

"बांध फोडतो. माती काय हातानं उकरू?"

यमुनाही मागोमाग गेली. पांडुरंगनं काटे बाजूला ओढले, बांधात फावडं घातलं. बाबूराव खाटेवरून उठला.

"पांड्या, हात थांबव."

"भाऊ, एक ट्रॉली तर जाऊ दे ना यार. मग तुझा बांध मीच घालून देतो."

"एक म्हणता म्हणता तुझा बाप जन्मभर गेला. मसणातसुद्धा आमच्याच वाटेवरनं गेला. तू पण तस्साच जाशील, आडवा!"

पांडुरंगच्या बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. फावडं मातीतून वर आलं ते यमुनेनं पाहिलं, खाली आलं ते तिला दिसलं नाही. पातं आडवं बसलं, जबड्याच्या आणि मानेच्या मध्ये. बाबूराव आवाज न करता उभ्या जागी कलंडला. तोंडातून रक्ताबरोबर लाळ आली आणि पाय माती उकरायला लागले.

पांडुरंगनं फावडं फेकून दिलं. "भाऊ! ए भाऊ!" म्हणत तो बाबूरावला उचलायला लागला. भरून ठेवलेल्या ट्रॉलीवर, आलूंच्यावर, त्याला आडवा घातला, ट्रॅक्टर सुरू केला, आणि अर्ध्या फोडलेल्या बांधावरून ट्रॉली हाणत थेट इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात नेली. पोलीस आले तेव्हा तो ट्रॉलीजवळच उभा होता. सोबत आलेल्या गड्यानं मागनं आलू उतरवून नेले म्हणतात. त्याच्या नावानं बोटं मोडायलाही यमुनेला सवड झाली नाही.

---

इंदूरच्या तुकोगंजमध्ये हृषीकेश लेले नावाचे वकील होते. नाशिकहून आलेले, मराठी माणूस म्हणून कुणीतरी पत्ता दिला होता. यमुना गेली तेव्हा ते पोहे खात होते. त्यांनी खाता खाताच सगळं ऐकलं.

"यमुनाताई, घाव एकच आहे. पण कलम नुसत्या घावावर ठरत नाही. आधी काय झालं, हातात काय होतं, ते कुठून आणलं, नंतर काय झालं, ह्या सगळ्यावर ठरतं. बाबूराव जगले तर गंभीर दुखापत. काही वर्षं. मेले तर मनुष्यवध. आणि मारायच्या तयारीनं आला होता असं शाबीत झालं, तर खून. जन्मठेप."

"तयारीनं नाही हो. बांध फोडायला गेले होते."

"सकाळी भांडण झालं?"

"झालं."

"मग घरी आले. जेवले. डोकं थंड व्हायला वेळ मिळाला. आणि घरून फावडं घेऊन परत गेले. पोलीस हेच लिहिणार. घरून आणलं, म्हणजे तयारीनं आणलं."

"बांध काय चमच्यानं फोडायचा, साहेब?"

लेले हसले. "मला पटतं. पण तुम्ही बायको आहात, तुमचं कोण धरणार? बाबूराव शुद्धीवर आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं की फावडं मातीसाठी होतं, आपण बाप काढला आणि एकदम झालं, तर खून जातो. मग ते जगोत की मरोत. त्यांचा जबाब महत्त्वाचा. आणि त्यांचा श्वास."

यमुना जिना उतरली ती एवढंच डोक्यात घेऊन. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही, तो जगला पाहिजे, आणि बोलला पाहिजे.

ती सरळ बाबूरावच्या शेतात गेली. त्याची बायको वसुंधरा सरीत उकिडवी बसून आलू वेचत होती. नवरा दवाखान्यात, मुलगा बंगलोरला, मजूर दुसरीकडे पळायला टपलेले. कमरेवर हात ठेवून ती उठली, आणि यमुनेला बघून पुन्हा बसली.

"जाऊबाई, दवाखान्यात कोण आहे?"

"कोण असणार? माणूस पडून राहील दवाखान्यात. आलू पडून राहत नाही."

"मी बसते तिथं. तुम्ही इथलं बघा."

वसुंधरानं एक सडका आलू लांब भिरकावला. "नवऱ्यानं मारायचं, बायकोनं शेकायचं. अच्छा है. बैस. त्यांचं हागणंमुतणं काढशील?"

"काढीन."

"मग काढ. वाटेचं मात्र माझ्याकडे बोलू नकोस. बांध त्यांनी घातला, ते उठून काढतील."

बांधात पडलेलं भगदाड तिनं त्याच संध्याकाळी मजुरांकडून बुजवून घेतलं.

---

बाबूरावच्या नाकात नळी होती. घाव मानेच्या बाजूला बसल्यामुळं त्याचं गिळणं गेलं होतं. श्रेया नावाची सिस्टर नळीतून पातळ दूध ढकलायची आणि प्रत्येक वेळी यमुनेला बजावायची.

"अम्मा, मुँह से कुछ नहीं देना. पानी की बूँद भी नहीं. निगल नहीं पाते, सीधा फेफड़े में जाएगा. समझीं ना?"

"समझी."

यमुना त्याची लाळ पुसायची. कूस वळवून पाठ पुसायची. भांडं द्यायची, धुऊन आणायची. आयुष्यात ज्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याचं धोतर ती बदलत होती आणि तो डोळे मिटून घेत होता. दोघांनाही लाज वाटत होती आणि दोघांचाही इलाज नव्हता. आजूबाजूचे लोक म्हणायचे, "कितनी सेवा करती है बहू." यमुना खाली मान घालायची.

हवालदार जबाबाला आला तेव्हा बाबूरावनं भिंतीकडे तोंड केलं. हवालदार म्हणाला, "फिर आऊँगा," आणि गेला.

"भाऊजी, बोला ना," यमुनेनं हात जोडले. "जे झालं तेच बोला. जास्त नको."

बाबूरावचा आवाज चिखलातून चाक ओढल्यासारखा यायचा. "यंदा नवं... कुणी खाल्लं?"

"कुणीच नाही. तुम्हाला दिल्याशिवाय कसं खाणार?"

"दिलं का नाही मग?"

ती काय सांगणार? पांडुरंगचा ताठा सांगायचा की आपला बुजरेपणा? ती त्याची लाळ पुसायला लागली.

"त्या दिवशी आला असता घास... तर मी... बांध ठेवला असता का? मी वाट बघत बसलो खाटेवर. तो आला फावडं घेऊन." त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी गळून कानात गेलं. ते रडणं होतं की नुसतं पाणी, यमुनेला कळलं नाही. "घास आण. मग जबाब देतो."

"तोंडानं मना केलंय, भाऊजी. झूट नाही बोलत. सिस्टरला विचारा."

"मला खायला मना केलंय. तुला भरवायला नाही."

घरी पलक, यमुनेची लेक, शाळा बुडवून ढीग उलटेपालटे करत होती. वरचे हिरवे, खालचे पाणी सुटलेले. तिच्या बोटांना वास चिकटला होता, साबणानं जात नव्हता. लेल्यांचा फोन आला होता: पोलीस कागदं तयार करताहेत, 'तयारीनं आला' असंच लिहिताहेत, जबाब लवकर झाला पाहिजे.

यमुनेला धोका माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. सिस्टरनं तिला चांगलं बजावलं होतं. पण तिनं असाही विचार केला, की सुपारीएवढा तुकडा, कुस्करून, जिभेवर ठेवलेला, त्यानं काय होणार? आणि नाही दिला तर काय होणार, ते तर वकिलानं सांगितलंच होतं. माणूस बुडायला लागला की काडीची जात बघत नाही.

पहाटे चूल पेटवून तिनं ढिगातला एक चांगला, न सडलेला आलू शोधला, निखाऱ्यात भाजला, सोलला, मीठ लावलं, डब्यात घातला. पण बाई व्यवहारी होती. दवाखान्यात पोचल्यावर डबा तिनं पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

"आणलाय. आधी जबाब, भाऊजी. मग घास."

बाबूरावच्या वाकड्या जबड्यातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "पांड्यापेक्षा... तू हुशार निघालीस."

आणि तो शब्दाला जागला. एवढं त्याचं खरं. वाट अडवणारा होता, तोंडाचा घाण होता, पण दिलेल्या शब्दाला जागला. हवालदार आला, डॉक्टर उभे राहिले, आणि बाबूरावनं थांबत थांबत जसं घडलं तसं सांगितलं. फावडं बांध फोडायला आणलं होतं. तो माती ओढत होता. मी त्याचा मेलेला बाप काढला. मग त्यानं उचललं. मारून पळाला नाही, त्यानंच इथं आणलं. अंगठा उठवला.

हवालदार गेल्यावर यमुनेनं पडदा ओढला. डबा उघडला. भाजल्या सालीचा वास त्या औषधी हवेत पसरला आणि बाबूरावचे डोळे लहान मुलासारखे डब्यावर खिळले. तिनं सुपारीएवढा घास कुस्करून त्याच्या जिभेवर ठेवला. त्यानं तोंड मिटलं. किती तरी वेळ त्यानं तो तसाच तोंडात धरला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मग त्यानं हात उचलला. अर्ध्यापर्यंतच गेला तो. यमुनेनं डोकं खाली नेलं आणि हाताखाली धरलं.

"वाट मोकळी कर म्हणून सांग तुझ्या जाऊला," तो म्हणाला आणि खोकायला लागला. यमुनेनं पाठ चोळली. खोकला थांबला. यमुनेला वाटलं, सुटलो.

दुपारी ती तुरुंगात भेटीला गेली. जाळीपलीकडे पांडुरंग आठ दिवसांत निम्मा झाला होता. जबाबाचं ऐकून तो नुसता मान हलवत राहिला. पण तिनं घासाचं सांगितलं तेव्हा जाळीला कपाळ लावून रडला.

"घेतला भाऊनं? तुझ्या हातनं? डोक्यावर हात ठेवला?"

"ठेवला."

"मग झालं. मग आता काही पण होऊ दे."

---

बाबूरावला संध्याकाळीच ताप चढला. छाती घरघरायला लागली. दोन दिवस तो आगीत पडल्यासारखा तळमळला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, नळीतून दूध चाललेलं असतानाच, गेला.

वाट मोकळी करायचा बाबूरावचा निरोप वसुंधरानं ऐकून सोडून दिला होता. तिरडी बांधाशी आली आणि थांबली. मसणात जायची वाट तीच होती. खांदेकरी एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कुणीतरी फावडं आणलं आणि बाबूरावच्या वाटेवरचा बाबूरावचा बांध बाबूरावसाठी फोडला. यमुना लांब, आपल्या हद्दीत उभी होती. वाट मोकळी झाली होती. तिचे ढीग मात्र आता माश्यांनी काळे झाले होते, आणि कुठलीही ट्रॉली आली असती तरी तो माल कुणी घेतला नसता.

शवविच्छेदनाचा कागद आला तेव्हा लेल्यांनी तिला बोलावून घेतलं. ते पोहे खात होते, आणि खुशीत होते.

"यमुनाताई, फुफ्फुसात आलू सापडलाय! डॉक्टर म्हणतात, अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया झाला. म्हणजे मृत्यू थेट घावानं नाही. मधे कुणीतरी चारलंय. जाऊबाई असतील, नाहीतर वॉर्डातलं कुणी. ते शोधलं तर पांडुरंगराव दुखापतीवर सुटतात."

"मी दिला."

लेल्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिनं सगळं सांगितलं. रीत सांगितली, मीठ सांगितलं, आधी जबाब मग घास हे सांगितलं. बोलता बोलता तिला बरंही वाटलं. आपल्यामुळं नवरा सुटतोय असं तिला वाटलं.

"ताई, नीट ऐका," लेले हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही म्हणता ती रीत मला कळते. आता हेच सरकारी वकिलाच्या तोंडून ऐका. आरोपीची बायको. स्वतःहून पेशंटजवळ बसली. तोंडानं देऊ नका, दिलं तर मरेल, हे तिला सांगितलं होतं. तिनं आधी नवऱ्याच्या सोयीचा जबाब घेतला. मग, तो बदलायच्या आत, पडदा ओढून चारलं. आणि आलू तिथं मिळाला नव्हता. घरून भाजून आणला होता."

यमुनेला ते शब्द ओळखीचे वाटले.

"तुमच्या नवऱ्यानं रागात मारलं," लेले म्हणाले. "तुमच्यात राग पण नाही. निव्वळ तयारी दिसते. त्यांच्यावरचं उतरेल ते तुमच्यावर येईल, आणि जास्त होऊन येईल. म्हणून कुणी चारलं हे आपल्याला माहीत नाही. त्यांना सदोष मनुष्यवधावर काही वर्षं होतील. होऊ देत. घरी तुमची मुलगी आहे. कुणाजवळ बोलला नाहीत ना?"

"ह्यांच्याजवळ बोलले. भेटीत."

"मग कोर्टात गाडीतून उतरल्या उतरल्या मी त्यांना गाठतो. गप्प राहा म्हणून सांगतो."

पण त्या दिवशी कैद्यांची गाडी उशिरा आली, आणि पांडुरंगला पोलिसांनी सरळ आत नेऊन उभा केला. लेले टेबलाच्या अलीकडे, तो पलीकडे. यमुना मागच्या बाकावर होती. पुढच्या बाकावर वसुंधरा, पांढऱ्या कपाळाची.

सरकारी वकील उभे राहिले. जबाबाला किंमत नाही, म्हणाले. आरोपीची बायकोच तिथं बसलेली, दबाव असणार. "मैडम, बरसों पुरानी दुश्मनी है. सुबह झगड़ा किया, घर गया, खाना खाया, हथियार लेकर लौटा. इन लोगों के मन में मृतक के लिए ज़हर भरा था."

"नहीं, साब!"

पांडुरंग ओरडला होता. लेले झटकन वळले, हात केला, डोळे मोठे केले. पांडुरंगनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावाच्या खुनाचा आरोप त्यानं खाली मान घालून ऐकला होता. भावाशी वैर होतं, हे मात्र त्याला ऐकवेना.

"दुश्मनी नहीं थी, मैडम! भाऊ होता माझा. दुश्मनी होती तर ही त्याला नव्याचा घास कशाला देईल? पूछो मेरी घरवाली को. उसने अपने हाथ से खिलाया, अस्पताल में. नवा आलू. जबाब दिया उसी दिन. भाऊ ने उसके सर पे हाथ रखा. दुश्मनी में कोई खाता है क्या किसी के हाथ से?"

तो हसत होता. सगळं मिटवून टाकणारं काहीतरी बोलल्यासारखा तो सगळ्यांकडे बघून हसत होता. सरकारी वकिलांनी समोरचा शवविच्छेदनाचा कागद उलटला आणि शांतपणे त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

नव्याचा घास म्हणजे काय, हे त्या खोलीत घरचं म्हणून सांगू शकणारं आणखी एकच माणूस होतं. वसुंधरा त्याच घरात सून म्हणून आली होती. पांडुरंगच्या बापाला तिनंही तो वर्षानुवर्षं भरवला होता. तिनं मागं वळून यमुनेकडे एकदा बघितलं. मग पदर नीट केला आणि समोर बघत बसली.

"कौन हैं इनकी पत्नी?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. "खड़ी होइए."

यमुना उभी राहिली. पांडुरंग तिला मानेनं खुणावत होता: सांग, सांग.

"आपने खिलाया था?"

लेल्यांनी डोळे मिटून घेतले.

"जी."

"डॉक्टर ने मना किया था, आपको मालूम था?"

"जी."

"आलू वहाँ किसी ने दिया, या आप घर से लाई थीं?"

यमुनेनं जाऊबाईंच्या पाठीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो अजून हसत होता.

"घरूनच," ती म्हणाली. "नवं घरूनच न्यायचं असतं, बाईसाहेब."